टर्मिनल आपल्या हाताला बसवून घ्यायचं तर: रोज लागणाऱ्या स्क्रिप्ट आणि शेलची सेटिंग

कुठले शॉर्टकट करायचे हे ठरवायला दुसऱ्याचा सेटअप बघू नका, आधी स्वतःची हिस्टरी बघा. हिस्टरी कमांडचं आउटपुट पाइपने (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी उभी रेघ) ऑकला (ओळीतले कॉलम निवडणारी कमांड) द्या, ऑककडून दुसरा आणि तिसरा कॉलम छापून घ्या, मग सॉर्ट, मग युनिक मायनस सी, मग परत सॉर्ट मायनस आरएन आणि शेवटी हेड. आपण दिवसभर खरंच काय टाइप करतो त्याची यादी समोर येते, आणि ती बहुतेकदा आपल्याला वाटत असते त्यापेक्षा फारच साधी निघते, तीच सातआठ कमांड, त्यातली निम्मी गिटची (कोडमधले बदल जपून ठेवणारं टूल). झेडएसएच हे शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर नुसतं हिस्टरी म्हटल्यावर ते शेवटच्या १६ ओळीच दाखवतं, त्यामुळे 'हिस्टरी १' असं द्यायचं म्हणजे पहिल्यापासून सगळं मिळेल. या यादीतलं वरचं जे आहे त्याच्यासाठीच मेहनत घ्यायची. महिन्यातून एकदा लागणाऱ्या कमांडला अलायस (छोटं टोपणनाव) करून ठेवला तर तो अलायस काय होता हेच आठवत नाही, आणि मग अलायस शोधण्यात जास्त वेळ जातो.

(कमांड, फाइल आणि ऑप्शनची नावं मी बोलतो तशी देवनागरीत लिहिलीत, मायनस म्हणजे हायफन, टर्मिनलमध्ये अर्थातच मूळ स्पेलिंगने टाइप करा.)

आधी कुठल्या फाइलमध्ये लिहायचं ते

इथे निम्मे लोक अडकतात. अलायस लिहिला, फाइल सेव्ह केली, नवीन टर्मिनल उघडलं आणि कमांड नॉट फाउंड. बॅश या दुसऱ्या शेलचं असं आहे की लॉगिन शेल (लॉगिन होताना सुरू होणारं) असेल तर ते डॉट बॅशप्रोफाइल वाचतं आणि साधं इंटरॅक्टिव्ह शेल (ज्यात आपण बसून टाइप करतो) असेल तर डॉट बॅशआरसी, दोन्ही आपोआप वाचत नाही. लिनक्सवर टर्मिनलची खिडकी उघडली की सहसा साधं शेल मिळतं, मॅकवर टर्मिनल ॲप लॉगिन शेल उघडतं, म्हणून तीच फाइल एका मशिनवर चालते आणि दुसऱ्यावर नाही. उपाय एकच, सगळं बॅशआरसीमध्ये लिहायचं आणि बॅशप्रोफाइलमध्ये फक्त एक ओळ, बॅशआरसी असेल तर ती सोर्स कर, म्हणजे याच शेलमध्ये वाच. झेडएसएचमध्ये हा गोंधळ कमी आहे, इंटरॅक्टिव्ह शेल लॉगिन असो नसो, डॉट झेडएसएचआरसी वाचली जातेच. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून डिफॉल्ट झेडएसएचच आहे.

त्यातच डॉट झेडएसएचएनव्ही नावाची एक फाइल असते, ती प्रत्येक वेळी वाचली जाते, अगदी स्क्रिप्ट चालवतानासुद्धा, त्यामुळे तिच्यात जड काही टाकू नका आणि इको तर अजिबात नको. इकोचं हेच सर्व्हरवरच्या बॅशआरसीलाही लागू आहे. कुणीतरी हौसेने लॉगिन केल्यावर स्वागताचा मेसेज छापायची ओळ टाकतं आणि मग एससीपी किंवा आरसिंक (मशिनमध्ये फाइल कॉपी करणाऱ्या कमांड) विचित्र एरर देऊन बंद पडतं, कारण त्यांना दोन मशिनमधल्या बोलण्यात मध्येच हा आगंतुक मजकूर सापडतो. स्वागत करायचंच असेल तर शेल इंटरॅक्टिव्ह आहे का ते तपासून मग करा.

स्वतःच्या स्क्रिप्ट ठेवायला होम डिरेक्टरीत डॉट लोकल स्लॅश बिन हे फोल्डर चांगलं, ते पाथमध्ये (शेल कमांड ज्या फोल्डरांत शोधतं त्यांची यादी) सुरुवातीला जोडा. स्क्रिप्टला नाव देताना मात्र टेस्ट हे नाव कधीच देऊ नका, टेस्ट ही शेलची स्वतःची बिल्टइन कमांड आहे, तुमची फाइल चालणारच नाही, वर एररही येणार नाही, नुसतं काहीच होणार नाही. असा संशय आला की विचपेक्षा 'टाइप मायनस ए' आणि पुढे नाव असं विचारा, त्या नावाचे अलायस, फंक्शन, बिल्टइन आणि फाइल सगळं एकाखाली एक दाखवतं, आणि वरचं पहिलं जे असेल ते चालतं.

हिस्टरी आणि बोटांच्या सवयी

बॅश डिफॉल्टला ५०० कमांडच लक्षात ठेवतं, आजच्या डिस्कच्या हिशोबात हे काहीच नाही. हिस्टसाइझ आणि हिस्टफाइलसाइझ दोन्ही एक लाख करून टाका. दुसरं म्हणजे दोन टर्मिनल उघडी असली की जे शेवटी बंद होतं ते दुसऱ्याची हिस्टरी पुसू शकतं, त्यासाठी 'शॉप्ट मायनस एस हिस्टअपेंड' ही ओळ टाका. आणि हिस्टकंट्रोलला इग्नोअरबोथ द्या, त्याने लागोपाठच्या सारख्या कमांड एकदाच साठतात आणि ज्या कमांडच्या सुरुवातीला स्पेस दिलीये ती साठतच नाही. ही स्पेसवाली सोय भारी आहे, कधी नाइलाजाने टोकन (पासवर्डसारखा गुप्त मजकूर) कमांडमध्येच टाकावं लागलं तर आधी एक स्पेस मारायची. तरी त्यावर फार विसंबू नका, कारण कमांड चालू असेपर्यंत तिचे आर्ग्युमेंट पीएसमध्ये (चालू प्रोसेसची यादी) त्या मशिनवरच्या इतर युजरना दिसू शकतात. झेडएसएचमध्ये याच गोष्टी सेटऑप्टने होतात, हिस्ट इग्नोअर स्पेस, हिस्ट इग्नोअर डप्स आणि शेअर हिस्टरी, मधल्या जागी अंडरस्कोर. आणि सेव्हहिस्टचा आकडा द्यायला विसरू नका, नाहीतर फाइलमध्ये काही उतरतच नाही.

आता हिस्टरी मोठी झाली की शोधायची कशी, तर कंट्रोल आर. वरचा ॲरो पंचवीस वेळा दाबणारे लोक बघितले की मला राहवत नाही. कंट्रोल आर दाबा, कमांडमधला कुठलाही तुकडा टाइप करा, परत कंट्रोल आर दाबला की त्याच्या आधीची. एफझेडएफ टाकलं तर हेच शोधणं यादी स्वरूपात होतं आणि अक्षरं मधली गाळून टाइप केली तरी सापडतं, टर्मिनलमध्ये एकच टूल टाकायचं असेल तर मी हेच टाका म्हणेन.

बाकी की लक्षात ठेवायच्या त्या थोड्याच. कंट्रोल ए ओळीच्या सुरुवातीला, कंट्रोल ई शेवटी, कंट्रोल डब्ल्यू मागचा शब्द खोडतो, कंट्रोल यू बॅशमध्ये कर्सरच्या मागचं सगळं खोडतो, आणि खोडलेलं कंट्रोल वायने परत येतं. म्हणजे अर्धी लांबलचक कमांड लिहून झाल्यावर आठवलं की अरे आधी दुसरं काहीतरी चालवायचंय, तर कंट्रोल यू, ती दुसरी कमांड चालवा, मग कंट्रोल वाय. ऑल्ट आणि टिंब दाबलं की मागच्या कमांडचं शेवटचं आर्ग्युमेंट येतं, एमकेडिर करून लगेच सीडी करताना हे फार कामाचं. बॅशमध्ये कंट्रोल एक्स आणि पाठोपाठ कंट्रोल ई दाबलं की चालू ओळ तुमच्या एडिटरमध्ये उघडते, सात पाइपवाली कमांड दुरुस्त करायची असेल तेव्हा याशिवाय पर्याय नाही. आणि 'सीडी मायनस' म्हणजे आधी होतो त्या फोल्डरला परत, हे माहीत नसलेले अनुभवी लोकसुद्धा आहेत.

अलायस कुठे संपतो आणि फंक्शन कुठे सुरू होतं

अलायस म्हणजे नुसती शब्दाच्या जागी शब्द अशी अदलाबदल, त्याला मधे आर्ग्युमेंट घालता येत नाही. फोल्डर बनव आणि लगेच त्यात जा, हे अलायसने होत नाही, त्याला फंक्शन लागतं, आत दोनच गोष्टी, 'एमकेडिर मायनस पी' आणि मग && लावून सीडी, दोन्हीकडे डॉलर एक अवतरण चिन्हात. आणि हे वेगळ्या स्क्रिप्ट फाइलमध्ये लिहून चालत नाही, कारण स्क्रिप्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते, तिथे सीडी झालं तरी ती संपल्यावर तुम्ही जिथे होता तिथेच. म्हणून तुमच्या चालू शेलवर परिणाम हवा असेल, म्हणजे डिरेक्टरी बदलणं किंवा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एक्सपोर्ट करणं, तर फंक्शन, आणि नुसतं काम करून मोकळं व्हायचं असेल तर स्क्रिप्ट. स्क्रिप्टचा फायदा असा की ती क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय), मेकफाइलमधून, दुसऱ्याच्या मशिनवर कुठेही चालते, अलायस तिथे नसतात.

अलायस करताना मूळ कमांडचं वागणं बदलू नका. बरेच जण आरएमला 'आरएम मायनस आय' करून ठेवतात, म्हणजे खोडण्याआधी विचारेल, आणि मग हाताला त्याची सवय लागते, बिनधास्त आरएम मारायची, विचारेलच की. सर्व्हरवर तो अलायस नसतो. वेगळं नाव द्या, हवं तर ट्रॅश म्हणा, पण आरएमला आरएमच राहू द्या. अजून एक बारकावा, सुडोच्या (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणारी कमांड) पुढे तुमचे अलायस चालत नाहीत, त्यासाठी सुडोचाच अलायस सुडो असा करायचा पण किंमतीच्या शेवटी एक स्पेस सोडायची, ती स्पेस असली की शेल पुढचा शब्दही अलायस आहे का बघतं. दिसायला विचित्र, पण हे मॅन्युअलमध्येच लिहिलेलं आहे.

स्क्रिप्ट लिहिताना

पहिली ओळ शबँगची, म्हणजे #! ने सुरू होणारी, स्क्रिप्ट कुणी चालवायची ते सांगणारी, तिथे सरळ बिन बॅश लिहिण्यापेक्षा यूएसआर बिन एन्व्ह आणि पुढे बॅश असं लिहा, म्हणजे पाथमध्ये जे बॅश आधी सापडेल ते वापरलं जाईल. हे मॅकसाठी महत्त्वाचं आहे. मॅकसोबत येणारं बॅश अजून ३.२ आहे, २००७ च्या सुमाराचं, कारण बॅश ४ पासून लायसन्स जीपीएलचं तिसरं व्हर्जन झालं आणि ॲपलने त्यापुढचं घेतलंच नाही. असोसिएटिव्ह ॲरे (नावाने किंमत शोधता येते अशी यादी) हे बॅश ४ मध्ये आले, त्यामुळे 'डिक्लेअर मायनस कॅपिटल ए' वापरलेली स्क्रिप्ट लिनक्सवर मस्त चालते आणि मॅकवर पहिल्याच ओळीत मान टाकते. आणि शबँगमध्ये बिन एसएच लिहून आत बॅशच्या सोयी वापरू नका, उबंटू आणि डेबियनवर एसएच म्हणजे डॅश आहे, त्याला दुहेरी चौकोनी कंस कळत नाहीत.

दुसरी ओळ सगळेच सांगतात ती, 'सेट मायनस ईयूओ पाइपफेल'. पण ती का हे कमी जण सांगतात आणि ती कुठे धोका देते हे तर कुणीच नाही. ई म्हणजे कमांड फेल झाली की स्क्रिप्ट थांबव. यू म्हणजे न भरलेला व्हेरिएबल वापरला तर थांबव. पाइपफेल म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फेल झाली तर पूर्ण पाइप फेल धर, नाहीतर फक्त शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड (० म्हणजे पास, बाकी फेल) बघितला जातो. आता धोके. ग्रेपला (मजकूर शोधणारी कमांड) काही सापडलं नाही तर तो १ परत देतो, ते तुमच्या लेखी नॉर्मल असेल पण मायनस ईच्या लेखी फेल, स्क्रिप्ट गुपचूप बंद, मेसेज नाही काही नाही. तिथे शेवटी || ट्रू लावा. फंक्शनच्या आत एकाच ओळीत लोकल म्हणून व्हेरिएबल घोषित केला आणि त्यातच कमांडचं आउटपुट भरलं तर ती कमांड फेल झाली तरी कळत नाही, कारण एक्झिट कोड लोकलचा धरला जातो आणि लोकल पास झालेलं असतं, म्हणून आधी लोकल, मग खालच्या ओळीत किंमत भरा. इफच्या कंडिशनमध्ये बोलावलेल्या फंक्शनच्या आत मायनस ई चालतच नाही. पाइपफेल लावून मोठ्या आउटपुटला हेड लावलं तर हेड आपल्या ओळी घेऊन बाहेर पडतो, मागची कमांड लिहायला जाते तर पाइप बंद, मग १४१ कोड येतो आणि स्क्रिप्ट पडते, आणि गंमत म्हणजे आउटपुट छोटं असेल तेव्हा पडत नाही, त्यामुळे हा बग कधी दिसतो कधी नाही. तरीसुद्धा ही ओळ टाकाच, फक्त तिच्यावर डोळे मिटून विश्वास नको.

व्हेरिएबलला दुहेरी अवतरण चिन्हं लावणं ही अशी गोष्ट आहे की ती सवयच करून टाकायची, विचार करायचा नाही. न लावता फाइलच्या नावात स्पेस आली की एका नावाचे दोन तुकडे होतात. आणि याहून वाईट प्रकार म्हणजे व्हेरिएबल रिकामा असणं. २०१५ च्या जानेवारीत लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या ॲपच्या स्क्रिप्टमध्ये हेच सापडलं होतं, ओळ होती 'आरएम मायनस आरएफ', पुढे डॉलर स्टीमरूट, स्लॅश आणि तारा. ठराविक परिस्थितीत स्टीमरूट रिकामा राहायचा, मग उरलं काय तर स्लॅश आणि तारा, आणि युजरला जे जे खोडायची परवानगी होती ते सगळं खोडलं जायचं, जोडलेल्या बाहेरच्या ड्राइव्हसकट. अवतरण चिन्हं तिथे होती बरं का, त्यांचा उपयोग नाही झाला. यावरचा खरा उपाय म्हणजे महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह लावणं, आणि पुढे हवा तर मेसेज. व्हेरिएबल नसेल किंवा रिकामा असेल तर स्क्रिप्ट तिथेच मेसेज देऊन थांबते. खोडणाऱ्या प्रत्येक ओळीत हे लावा. हीच युक्ती पहिलं आर्ग्युमेंट घेतानाही वापरता येते, डॉलर एकच्या जागी हे लिहिलं की आर्ग्युमेंट न देणाऱ्याला आपोआप वापर कसा करायचा ते दिसतं, वेगळं इफ लिहायला नको.

तात्पुरत्या फाइल टेंप फोल्डरमध्ये हाताने नाव देऊन बनवू नका, 'एमकेटेंप मायनस डी' ने फोल्डर घ्या आणि लगेच खालच्या ओळीत ट्रॅप लावा, एक्झिटवर ते फोल्डर उडव. बॅशमध्ये हा ट्रॅप स्क्रिप्ट नीट संपली, मध्येच एरर आली किंवा कुणी कंट्रोल सी मारलं तरी चालतो. ट्रॅपमधली कमांड एकेरी अवतरणात ठेवा म्हणजे व्हेरिएबलची किंमत ट्रॅप चालेल तेव्हाची घेतली जाईल.

आणि शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं टूल) बसवा, एडिटरमध्ये जोडूनच टाका. वर लिहिलेलं यातलं बरंचसं तो स्वतःहून दाखवतो, प्रत्येक इशाऱ्याला नंबर असतो आणि त्या नंबरावर पूर्ण स्पष्टीकरण मिळतं. शेल शिकायचं असेल तर शेलचेकशी भांडत शिकणं हा माझ्या मते सगळ्यात जलद रस्ता. स्क्रिप्ट कुठे अडतेय कळत नसेल तर 'बॅश मायनस एक्स' ने चालवा, प्रत्येक ओळ व्हेरिएबल भरून छापली जाते. विंडोजवर लिहून लिनक्सवर नेलेल्या स्क्रिप्टला बॅड इंटरप्रिटर अशी एरर येऊन शेवटी ^ आणि कॅपिटल एम दिसत असेल तर ओळींचे शेवट विंडोज पद्धतीचे आहेत, डॉस टू युनिक्स चालवा आणि रेपोत गिटॲट्रिब्युट्स फाइलमध्ये एसएच फाइलसाठी ईओएल एलएफ लिहून ठेवा, कायमचं सुटतं. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) वापरणाऱ्यांनी कोड लिनक्सच्या होममध्येच ठेवा, सी ड्राइव्हवरून माउंट केलेल्या फोल्डरमध्ये गिट स्टेटससुद्धा रखडतं.

हाताने चालवली तर चालते पण क्रॉनमधून नाही, अशी तक्रार असेल तर दहातल्या नऊ वेळा पाथ. क्रॉन तुमची बॅशआरसी वाचत नाही, त्याचा पाथ अगदी तुटपुंजा असतो. आणि क्रॉनटॅबच्या ओळीत टक्केवारीचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, त्यामुळे डेट कमांडला फॉरमॅट दिलेली ओळ तिथे तुटते. बॅकस्लॅश लावा, किंवा मी तर म्हणेन क्रॉनटॅबमध्ये नुसतं स्क्रिप्टचं नाव लिहा आणि बाकी सगळं स्क्रिप्टमध्ये.

पोर्ट अडकलंय

डेव्ह सर्व्हर चालू करायला जावं आणि ॲड्रेस ऑलरेडी इन यूज, म्हणजे त्या पोर्टवर आधीच कुठली तरी प्रोसेस बसलीये. यावर सगळीकडे एकच उत्तर फिरत असतं, 'एलएसओएफ मायनस टीआय' पुढे कोलन ३०००, आणि ते पाइपने एक्सआर्ग्सला (आलेली यादी पुढच्या कमांडला आर्ग्युमेंट म्हणून देणारी कमांड), तिथे 'किल मायनस ९'. हे चालवलं की सर्व्हर मरतो हे खरं, पण कधीकधी सोबत ब्राउझरही मरतो, सगळे टॅब घेऊन, आणि माणूस चक्रावतो. कारण एलएसओएफला तुम्ही विचारलंत की ३००० पोर्टशी कुणाकुणाचा संबंध आहे, आणि ब्राउझरचं कनेक्शन उघडं असेल तर त्याचाही संबंध आहेच की. तुम्हाला हवाय तो फक्त ऐकत बसलेला, म्हणून 'मायनस एस टीसीपी कोलन लिसन' हे जोडा, यात एसच्या पुढे स्पेस नाही, आणि टीसीपी आणि लिसन कॅपिटलमध्ये. आता नेमका सर्व्हरचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) येतो.

दुसरं, थेट मायनस ९ कशाला. साधं किल १५ नंबरचा सिग्नल पाठवतं, सिगटर्म, तो प्रोसेसला कळतो आणि ती फाइल बंद करून, कनेक्शन सोडून, लॉक काढून जाते. ९ म्हणजे सिगकिल, तो पकडताच येत नाही, प्रोसेसला आवरायची संधीच मिळत नाही, आणि मग डेटाबेसची लॉक फाइल तशीच राहून पुढची अर्धा तास डोकेफोड. फंक्शन असं लिहा: पीआयडी शोध, रिकामा असेल तर पोर्ट मोकळं आहे सांगून परत जा, नसेल तर पीएस मायनस पीने ती प्रोसेस कोण आहे ते दाखव, साधं किल दे, दोन सेकंद थांब, 'किल मायनस ०' ने अजून जिवंत आहे का बघ, असेल तरच ९. सातआठ ओळींचं काम आहे आणि आठवड्यातून चारदा वापराल. कोण आहे ते दाखवण्याची पायरी गाळू नका, कारण कधीकधी ते पोर्ट डॉकरने (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं टूल) धरलेलं असतं, तिथे प्रोसेस मारून उपयोग नाही, कंटेनर थांबवायला हवा.

गिटचं थोडं

गिटसाठी शेलमध्ये अलायस करण्यापेक्षा गिटच्या ग्लोबल कॉन्फिगमध्ये केलेले बरे, कुठलंही शेल असलं तरी चालतात. दोन सेटिंग पहिल्या दिवशी करा, 'पुश डॉट ऑटोसेटअपरिमोट' ट्रू, म्हणजे नवी ब्रँच पुश करताना ती लांब अपस्ट्रीमवाली ओळ टाइप करावी लागत नाही, गिट २.३७ पासून आहे, आणि 'फेच डॉट प्रून' ट्रू, म्हणजे सर्व्हरवर उडवलेल्या ब्रँचच्या सावल्या तुमच्याकडे रेंगाळत नाहीत. चेकआउट ब्रँचही बदलतं आणि फाइलमधले बदलही पुसतं, ही दोन कामं एकाच शब्दात नकोत म्हणून २.२३ मध्ये स्विच आणि रिस्टोअर आले, हाताला त्यांची सवय लावा.

जुन्या ब्रँच साफ करायची स्क्रिप्ट प्रत्येकाला हवी असते. गिट ब्रँच मर्ज्डचं आउटपुट ग्रेप मायनस व्हीने मेन वगळून एक्सआर्ग्सला द्यायचं आणि तिथे 'गिट ब्रँच मायनस डी', छोटा डी, तो मर्ज न झालेली ब्रँच उडवायला नकार देतो. लिनक्सवर एक्सआर्ग्सला मायनस आर लावा नाहीतर यादी रिकामी असली तरी कमांड एकदा चालतेच. पण तुमच्या टीममध्ये स्क्वॉश मर्ज (ब्रँचचे सगळे कमिट एकात दाबून मर्ज करणं) असेल तर ही यादी कायम रिकामीच येणार, कारण स्क्वॉशमध्ये नवा कमिट बनतो, तुमचे मूळ कमिट मेनमध्ये कधी जातच नाहीत. तिथे 'गिट ब्रँच मायनस व्हीव्ही' बघा, ज्यांच्यापुढे गॉन लिहिलंय त्यांची सर्व्हरवरची जोडी गेलेली आहे, त्या नावांची यादी डोळ्याखालून घाला आणि मग मोठा डी. हे शेवटचं पाऊल मी ऑटोमॅटिक करत नाही.

आणि बायसेक्ट रन, म्हणजे बग कुठल्या कमिटने आणला ते निम्मे निम्मे करत शोधणं. कधीतरी चालत होतं, आता चालत नाही, मधे हजार कमिट. एक छोटी स्क्रिप्ट लिहा जी बग असेल तर १ आणि नसेल तर ० परत देते, बिल्डच होत नसेल तर १२५ म्हणजे हा कमिट सोडून दे. वाईट कमिट सांगा, चांगला कमिट सांगा, 'गिट बायसेक्ट रन' आणि स्क्रिप्टचं नाव. हजार कमिटमधून साधारण दहा फेऱ्यांत नेमका कमिट समोर येतो, तुम्ही तोवर दुसरं काहीतरी करा. स्क्रिप्ट रेपोच्या बाहेर ठेवा, नाहीतर चेकआउट होताना तीच गायब व्हायची.

एसएसएच

एसएसएच म्हणजे दूरच्या मशिनवर लॉगिन करायची कमांड. डॉट एसएसएच फोल्डरमधली कॉन्फिग फाइल न वापरता आयपी आणि की फाइलचा पाथ रोज टाइप करणारे लोक अजून आहेत. होस्टचं टोपणनाव, होस्टनेम, युजर, आयडेंटिटीफाइल, चार ओळी, मग नुसतं एसएसएच आणि टोपणनाव. तेच टोपणनाव एससीपी, आरसिंक आणि गिटलाही चालतं. सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६० दिलं की मधेच गोठणारी कनेक्शन कमी होतात. कंट्रोलमास्टर ऑटो, कंट्रोलपाथ आणि कंट्रोलपर्सिस्ट लावलं तर पहिलं कनेक्शन उघडं ठेवून पुढची त्याच्यावरूनच जातात, गिट फेच किंवा आरसिंक वारंवार करणाऱ्याला फरक लगेच जाणवतो. नवी की बनवताना टाइप ईडी२५५१९ द्या. प्रायव्हेट कीची परवानगी ६०० ठेवा, त्याहून सैल असेल तर एसएसएच ती की वापरायलाच नकार देतं.

नवी टूल टाकावी का

रिपग्रेप टाकाच. साध्या ग्रेपपेक्षा वेगवान आहे आणि गिटइग्नोअरमधलं आपोआप सोडतं, नोड मॉड्यूल्समध्ये घुसत नाही. फक्त हे लक्षात असू द्या की डॉटने सुरू होणाऱ्या फाइलही तो सोडतो, म्हणून 'असं कसं सापडत नाही' झालं की मायनस यू लावा, त्याने गिटइग्नोअरमधलंही शोधलं जातं, आणि डॉटवाल्या फाइलही हव्या असतील तर यू दोनदा. जेसनसाठी जेक्यू. बॅट (कॅटच्या जागी) आणि एफडी (फाइंडच्या जागी) चांगली आहेत, डेबियन उबंटूवर त्यांची नावं बॅटकॅट आणि एफडीफाइंड अशी आहेत, आधीच ती नावं दुसऱ्या पॅकेजनी घेतलेली. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लागत असतील तर डिरेन्व्ह. सर्व्हरवर लांब चालणारं काम असेल तर टीमक्स, कनेक्शन तुटलं तरी काम चालू राहतं.

पण तुम्ही स्क्रिप्ट दुसऱ्यांसाठी लिहिताय तेव्हा यातलं काहीच वापरू नका, तिथे ग्रेप, फाइंड, सेड हेच. तेही जपून, कारण सेड मायनस आय लिनक्सवर तसंच चालतं आणि मॅकवर त्याला पुढे बॅकअपचं एक्स्टेंशन लागतं, नको असेल तर रिकामं अवतरण. दोन्हीकडे चालायला हवं असेल तर 'मायनस आय' ला चिकटून डॉट बीएके द्या, दोन्ही सेड ते स्वीकारतात, मग बीएके फाइल उडवा.

नव्या मशिनवर नेताना

डॉटफाइल्सचा, म्हणजे डॉटने सुरू होणाऱ्या या सगळ्या सेटिंगच्या फाइलचा, गिट रेपो करा, पण सुरुवातीलाच दोन भाग पाडा. जे सगळीकडे सारखं ते रेपोत, आणि त्या मशिनपुरतं किंवा गुप्त जे काही, टोकन, कंपनीचे पाथ, प्रॉक्सी, ते झेडएसएचआरसी डॉट लोकल अशा वेगळ्या फाइलमध्ये जी रेपोत कधीच जात नाही, मुख्य फाइलच्या शेवटी फक्त ती असेल तर सोर्स कर एवढी ओळ. एखादं टोकन चुकून पुश झालंच तर फाइल खोडून नवा कमिट केल्याने काही होत नाही, जुन्या कमिटमध्ये ते आहेच, टोकन रद्द करून नवं घ्या.

इन्स्टॉलसाठी मोठं फ्रेमवर्क नको, रेपोतल्या फाइलच्या सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) होममध्ये करणारी वीस ओळींची स्क्रिप्ट पुरते. ती कितीही वेळा चालवली तरी परिणाम तोच यायला हवा, म्हणून एमकेडिरला मायनस पी, आणि एलएनला 'मायनस एसएफएन'. त्यातला एन विसरू नका, कारण जुनी सिमलिंक एखाद्या फोल्डरकडे जात असेल तर दुसऱ्या वेळी एलएन ती बदलत नाही, त्या फोल्डरच्या आत शिरून तिथे आणखी एक लिंक बनवतो. आणि लिंक करायच्या आधी त्या जागी खरीखुरी फाइल आहे का ते 'मायनस एफ' आणि 'मायनस एल नाही' असं दोन्ही तपासून बघा, असेल तर तिचं नाव बदलून बाजूला ठेवा. मायनस एफ एकटा पुरत नाही, तो लिंकच्या पलीकडची फाइल बघूनही हो म्हणतो.